पडदे लावलेलं गाव

आम्ही गाव सोडलं तेव्हा निरोप द्यायला कुणीही आलं नव्हतं. निदान मी तरी आजवर असंच सांगत आले. मामांनी लेस्टरहून मोठी गाडी आणली होती. धाकटी मीनल मागच्या सीटवर पोळपाट मांडीवर घेऊन बसली होती, कारण तो दुसरीकडे कुठेच मावत नव्हता. आई पुढे, हातात देवांचा डबा. बाबांच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर देणारी ग्वेन कोपऱ्यावर उभी होती, पण ती स्वतःच्याच फाटकापाशी होती. म्हणजे ती आमच्यासाठी उभी होती की दूधवाल्याची वाट बघत होती, ते ठामपणे सांगता यायचं नाही. तिने हात वर केला. मीनलने खिडकीतून हात हलवला, मी नाही. आई समोर बघत म्हणाली, "ह्या लोकांनी तुझ्या बाबांना शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. लक्षात ठेव." मी तेरा वर्षांची होते आणि सांगितलेलं लक्षात ठेवण्यात हुशार होते.

मिरजेत राहिलेल्या माझ्या चुलत भावंडांना अजून वाटतं की आम्ही तेव्हा लंडनला होतो. लंडन तिथून दिवसभराच्या प्रवासावर होतं. आमचं गाव वेल्सच्या पश्चिमेला, डोंगरांच्या बेचक्यात. एक रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, एक दुकान, एक प्रार्थनागृह, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्हाला म्हणता यायचं नाही, आणि हे कोण वाचेल, कुणाच्या हाती लागेल, काय भरवसा. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, म्युनिकमध्ये, नेकारसुल्मला राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा संशयी स्वभाव ओळखीचा वाटेल. तुमचा नंतर तयार झाला असेल, माझा त्या गावात झाला.

मिरजेहून निघालो तेव्हा मी दुसरीत होते. बाबांना वेल्समधल्या त्या गावात दवाखाना मिळाला होता. चांगल्या जागा तिथल्या डॉक्टरांना, आणि जिथे चिटपाखरू जायला तयार नाही त्या आपल्याला, असं आई म्हणायची. ह्या एका बाबतीत तिचा संशय बरोबर असावा. घर दवाखान्याचंच होतं. पुढच्या खोलीत पेशंट बसायचे, शेजारच्या खोलीत बाबा तपासायचे आणि मागे आमचा संसार. बाबांनी पहिल्या हिवाळ्यातच वेल्श भाषेत "कुठे दुखतंय" विचारायला शिकून घेतलं. उत्तर कळायचं नाही, पण म्हातारे शेतकरी खूश होऊन स्वतःच बोट लावून दाखवायचे.

आईचं मात्र उंबऱ्यावरच अडलं. त्या गावात डॉक्टरांना काही द्यायचं तर हातात देत नसत. पहाटे किंवा अंधार पडल्यावर यायचं, दारात ठेवायचं आणि नाव न सांगता निघून जायचं. हातात दिलं तर तुम्हाला आभार मानावे लागतात, परतफेड करावी लागते, म्हणजे ते देणं नाही, असा त्यांचा हिशेब. आईला हे कोण सांगणार? मिरजेच्या बाईला सकाळी उंबऱ्यावर कुणीतरी गुपचूप ठेवून गेलेली अंडी दिसली तर ती काय समजेल? तिने ती काठीने बाजूला सारली, पुरली, आणि अंघोळ केली. बाबा म्हणाले, "अगं, कोंबडीनं अंडं घातलंय, करणी नाही केलेली." आई म्हणाली, "मग नाव का नाही सांगत?"

अंड्यांनंतर कांद्याच्या पातीसारखी लांब जाड पानं आली, बटाटे आले, एकदा विणलेला पायमोज्यांचा जोड आला. आणि एका सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोललेला ससा आला. आईने किंकाळी फोडली नाही. ती एकदम शांत झाली, ते जास्त भीतीदायक होतं. मला आणि मीनलला शेकोटीपुढे बसवून तिने मीठ, मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या आमच्यावरून उतरवल्या आणि निखाऱ्यांत टाकल्या. त्या घराच्या धुराड्याला आधीच खोड होती. सगळा ठसका पुढच्या खोलीत गेला. दम्याचे, गुडघ्याचे, कानाचे, सगळेच पेशंट खोकत रस्त्यावर आले. बाबा रुमालाने डोळे पुसत आत आले आणि म्हणाले, आज गावात साथ आलेली दिसतेय. ग्वेनने मात्र न विचारता सगळ्या खिडक्या उघडल्या, आईच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि परत कामाला लागली. आईच्या मनात तरीही पाल चुकचुकलीच. ह्या बाईने काहीच विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं माहीत असणार.

मी त्या गावात किती सुखात होते, हे आज लिहिताना मलाच नवल वाटतं. शाळा वेल्शमध्येच होती. मला ती भाषा इंग्रजीच्या आधी आली. ज्यांची आई मेली अशी कोकरं लोक ग्वेनच्या स्वयंपाकघरात आणून ठेवायचे. चुलीजवळच्या खोक्यात ती थरथरत पडलेली असायची आणि बाटलीने दूध पाजायचं काम आम्हा मुलींचं. नव्या वर्षाच्या सकाळी सगळी मुलं दारोदार गाणी म्हणत फिरायची. दुपारचे बारा वाजायच्या आत जेवढी घरं होतील तेवढी. लोक सफरचंदं द्यायचे, नाणी द्यायचे. आईने पहिल्या वर्षी साफ नाही म्हटलं. डॉक्टरांच्या मुली दारोदार हात पसरणार? बाबांनी आम्हाला दवाखान्याच्या दाराने बाहेर काढलं आणि आईला सांगितलं की मुली ग्वेनकडे अभ्यासाला गेल्यात. नव्या वर्षाच्या सकाळी अभ्यास! आईला ते पटलं असेल असं मला वाटत नाही.

दुकानात गेलो की बोलणं क्षणभर थांबायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं. आई माझा हात दाबायची. आपल्यावरच चाललंय. मी सांगायचे, आई, मिसेस प्राइसच्या बहिणीच्या कंबरेबद्दल बोलतायत. आई म्हणायची, तुला कळतं हे त्यांना माहीत आहे, म्हणून विषय बदलला. आणि गावातून कुणाची अंत्ययात्रा जायची असली की आई आम्हाला मागच्या खोलीत नेऊन बसवायची. लहान मुलींनी असलं बघू नये. त्यामुळे त्या वेळी रस्त्यावर काय होतं, गाव काय करतं, हे मी कधीच पाहिलं नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

बाबा गेले ते एका शेतावर. पेशंट तपासून गाडीत बसले आणि पुन्हा उतरलेच नाहीत. लेस्टरहून मामा आले आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. आपल्यात दहन असतं, ते दूरच्या शहरात होईल, फक्त घरची माणसं येतील, असं त्यांनी ग्वेनला स्पष्ट सांगितलं. आम्ही दुसऱ्या गाडीत होतो. पुढे बाबांची गाडी, माणूस पायी चालेल इतक्या संथ वेगाने. भर दुपार, ऊन पडलेलं. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीचा पडदा लावलेला. मिसेस प्राइसचं दुकान बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ज्या घरांतल्या बायकांची बाळंतपणं बाबांनी बर्फातून चालत जाऊन केली होती, त्या घरांनी आमच्या तोंडावर पडदे ओढले होते. आई खिडकीतून बघत राहिली. गाव संपल्यावर म्हणाली, "बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं.

त्यानंतरही दारात वस्तू येत राहिल्या. फडक्याने झाकलेले केक, सुपाचं भांडं. आईने आता मिरच्या जाळल्या नाहीत. केक कचऱ्यात टाकला, भांडी घासून फाटकावर ठेवली. महिन्याभरात आम्ही निघालो.

लेस्टरला आपली माणसं होती, आपली दुकानं होती. तरी मी तिथे कुणाशी जवळीक केली नाही. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून प्यायची सवय लागली. पुढे शिक्षण, मग पुण्याच्या मिलिंदशी लग्न, त्याच्याबरोबर जर्मनी. एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रांच्या कामात नोकरी मिळाली आणि आम्ही इथलेच झालो. निदान कागदावर. इथे कुणी दारात गुपचूप काही ठेवत नाही. इथे घंटी वाजवून सांगतात की तुमची सायकल जिन्याखाली एक वीत जास्त आलीय. मला ते आवडलं. जे काय आहे ते तोंडावर. तरी वरच्या मजल्यावरची फ्राऊ केलर पहिल्या वर्षी आलुबुखाऱ्याचा केक घेऊन आली, तेव्हा दार लावल्यावर मी मिलिंदला म्हटलं, हिला आपली पार्किंगची जागा हवी असणार. मिलिंद म्हणाला, तिच्याकडे गाडी नाही. मी म्हटलं, घेणार असेल. गाडी तिने अजून घेतलेली नाही. ती दर शरद ऋतूत केक आणते आणि मी दर वेळी तिला दारातूनच परत पाठवते, हसून, नीट डांके, म्हणजे धन्यवाद, म्हणून. ह्या घरात माझ्या परवानगीने आत येऊन बसलेले जर्मन शेजारी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणजे प्लंबर धरून.

आई आता आमच्याकडेच असते. ऐंशी ओलांडली, तब्येत ठणठणीत. मिलिंदला ती मिलिंदराव म्हणते आणि तो तिला अहो आई. आमची मुलगी सई तिच्याशी मराठीत बोलते, माझ्याशी जर्मनमध्ये. आजीला जर्मन येत नाही ही सईच्या मराठीची खरी शाळा. बाबांचा विषय घरात निघत नाही. निघाला तर पडद्यांवर येऊन थांबतो. सईने ती गोष्ट लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकली आहे. मी ती तिला का सांगत असे? तिनेही लक्षात ठेवावं म्हणून, दुसरं काय.

तर ही सई गेल्या हिवाळ्यात एका सत्रासाठी ब्रिस्टलला गेली आणि एका शनिवारी आम्हाला न सांगता त्या गावी पोचली. दुकान गेलंय म्हणाली, तिथे सुट्टीला येणाऱ्यांचं घर झालंय. पण ग्वेन आहे. नव्वदीला टेकलेली, गुडघे गेलेले, डोकं शाबूत. सई इथे वाढलेली. तिला आडून विचारणं माहीत नाही. चहा समोर आल्याबरोबर तिने विचारलं, माझ्या आजोबांच्या वेळी तुम्ही लोकांनी पडदे का लावले होते?

तिचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते. ती जर्मनमध्ये बोलत होती, मी इथे मराठीत देते, फक्त तिचं आल्झो, म्हणजे 'तर', तसंच ठेवून. "आल्झो, आई, ऐक. तिथे कुणाचं प्रेत घरासमोरून जायचं असलं की सगळे पडदे लावतात. मान म्हणून. घरात आपलं माणूस गेल्यासारखं." मी म्हटलं, कुणाचंही? ती म्हणाली, "नाही ना. गावातल्याचंच. बाहेरच्यासाठी कोण लावतं?" दुकानसुद्धा म्हणूनच बंद होतं. आणि मामांनी घरच्यांखेरीज कुणी येऊ नये असं सांगितलं, म्हणून गाव मुकाट घरात बसलं होतं, पडद्यांच्या मागे, उभं राहून.

बस आली आणि गेली. खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. इतक्या वर्षांनी म्हातारीला सुचलेलं कारण, असं मला वाटलं. नात समोर आल्यावर दुसरं काय सांगणार ती? मी सईला तसं म्हटलं. सई म्हणाली, पण आई, ग्वेन म्हणते आजीला हे माहीत आहे. अंत्ययात्रेच्या दुसऱ्याच दिवशी आजीने तिला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला होता आणि हेच विचारलं होतं, आणि तिने तेव्हाच सगळं सांगितलं होतं.

आता संशय घ्यायला दोनच जागा उरल्या होत्या. एक तर ग्वेन खोटं बोलत होती, नाहीतर माझी आई. मी सबंध आयुष्य ह्यांतल्या एकीच्या शब्दावर काढलं होतं. एका गावावर राग धरला होता, त्या रागाच्या मापाने पुढची सगळी माणसं मोजली होती, आणि बाबांची आठवण आली की बाबांच्या आधी ते पडदे डोळ्यांपुढे यायचे. दोन आठवडे मी आईला काही विचारलं नाही. ती जेवताना, टीव्ही बघताना, वाती वळताना मी तिच्याकडे बघत असे. कुठे पाणी मुरतंय ते शोधत. स्वतःच्या आईकडे असं बघण्याची वेळ कुणावर येऊ नये.

शेवटी एका रविवारी ती मटार सोलत होती, तेव्हा समोर बसून सांगून टाकलं. सई गावाला गेली होती, ग्वेन भेटली, ग्वेन असं असं म्हणाली. आई थांबली नाही. शेंग फोडली, दाणे काढले, साल बाजूला ठेवलं.

"ग्वेन खोटं बोलणारी बाई नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं.

"घर दवाखान्याचं होतं," आई म्हणाली. "नवा डॉक्टर यायचा होता. महिन्यात निघायचं, पदरात दोन मुली. ती आपली माणसं आहेत असं म्हटलं असतं तर माझा पाय निघाला नसता. वाईट आहेत म्हटलं, म्हणून निघता आलं."

मला राग आला. तो लपवण्यात अर्थ नाही. मी उठून उभी राहिले आणि बरंच काही बोलले. तू मला त्या गावाचा द्वेष करायला लावलास, म्हटलं. माझं बालपण तू कचऱ्यात टाकलंस, त्या केकसारखं. मला एक शब्द सांगितला असतास तर मी आज अशी नसते. शेजारणीला दारातून घालवणारी, स्वतःच्या मुलीच्या फोनवरही शंका घेणारी. आईने सगळं ऐकून घेतलं. मग वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला अपराधीपणा दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते आश्चर्य.

"तू ते खरं धरून चालशील असं मला कधी वाटलंच नाही," ती म्हणाली. "मला कुठे काय कळायचं. पण तुला तर त्यांची भाषा येत होती."

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले आणि रडले. बाबांसाठी रडले, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, मध्ये काहीही न येता. तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. रागावण्यात सगळा वेळ गेला.

तुमच्यापैकी बरेचजण मला विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? मिरज म्हणावं तर मला तिथले रस्ते आठवत नाहीत. एर्लांगेन म्हणावं तर इथे मी कुणाला आत घेतलं नाही. मला वाटतं, जिथे आईखेरीज बाबांना ओळखणारं कुणीतरी अजून आहे, ते आमचं घर. मिरजेतली त्यांच्या पिढीची माणसं गेली. मीनल तेव्हा लहान होती. मिलिंदने त्यांना पाहिलेलं नाही. राहता राहिलं ते एक डोंगरातलं गाव आणि त्यातली दुखऱ्या गुडघ्यांची एक म्हातारी. मी त्या गावाला नावं ठेवत इतकी वर्षं घराबाहेर राहिले.

पुढच्या शनिवारी सई पुन्हा तिथे गेली आणि तिने फोन लावून दिला. मी आईच्या हातात दिला. आईने पडद्यावरचा ग्वेनचा चेहरा डोळे बारीक करून बघितला, ही खरंच तीच आहे ना अशी खात्री केली, आणि फोन घेऊन आपल्या खोलीत गेली. जाताना दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. ऐकत नव्हते असं म्हणणार नाही. आईचं इंग्रजी तेव्हाही मोडकं होतं, आता तर तुकडेच उरलेत. पण "डॉक्टर" हा शब्द दोन्हीकडून पुन्हा पुन्हा येत होता. मग आई हसली, आणि त्या हसण्याचं मधेच रडू झालं, आणि पलीकडून ग्वेन काहीतरी बोलत राहिली. वेल्शमध्ये. तिलाही तेव्हा इंग्रजी सुचलं नसावं. आई ते न कळताच हं हं म्हणत होती. मला प्रत्येक शब्द कळत होता, पण तो माझ्यासाठी नव्हता, म्हणून इथे लिहीत नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आईने तोंड धुतलं होतं. फोन माझ्या हातात देत म्हणाली, "या म्हणतेय आपल्याला. मनापासून म्हणते की उगाच, काय माहीत." मग मिलिंदकडे वळून म्हणाली, "मिलिंदराव, तिकिटं बघा. जाऊनच बघते."